हातचा एक

या पुस्तकाच्या लेखिका पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्या परीक्षार्थी होत्या आणि मी परीक्षक. त्यांच्या लेखी ही मांडणीच उलटी होती. एका तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलेलं, पेपर काढण्यात आणि तपासण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. त्या दिवशी मात्र पुण्यातल्या माझ्या छोट्याशा खोलीत, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. शेवटचा केमो होऊन सात महिने झाले होते. नवे केस बोटभर वाढले होते आणि कुरळे आले होते. ‘‘पन्नास वर्षं सरळ होते, आता बघा,’’ म्हणून हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, ‘‘केसांचं काही नाही हो. डोकं चालत नाही, ते बघा.’’

डोकं कसं चालतं ते बघणं हा माझा व्यवसाय. मी पंधरा शब्दांची यादी वाचून दाखवली आणि त्यांना म्हणायला सांगितली, असं पाच वेळा. मध्ये दुसरी कामं देऊन अर्ध्या तासाने तीच यादी पुन्हा विचारली. आकडे उलट्या क्रमाने म्हणवून घेतले. कागदावर विखुरलेली वर्तुळं घड्याळ लावून क्रमाने जोडायला दिली. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. बाई त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर अशा उतरत गेल्या, जणू रोजचा जिना. दीड तासाने मी गुण मोजले, वय आणि शिक्षणाच्या तक्त्याशी ताडून पाहिले. सगळे आकडे सरासरीच्या पट्ट्यात. ‘‘सगळं नॉर्मल आहे,’’ मी सांगितलं आणि समोरच्या चेहऱ्यावर सुटका दिसण्याची वाट पाहिली.

बाईंनी पर्सची चेन लावली. म्हणाल्या, ‘‘मॅडम, पेपर सोपा काढलात.’’

अहवालात मी लिहिलं की लक्षणीय दोष आढळला नाही आणि तक्रारी काळजीपोटी असाव्यात. ते वाक्य या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात जसंच्या तसं छापलेलं आहे. ते काढा असं मी सुचवलेलं नाही. उलट, प्रस्तावना लिहायला मी लगेच हो म्हटलं त्याचं निम्मं कारण ते वाक्यच आहे.

पुस्तकाचं मूळ एक शंभर पानी वही. पहिल्या केमोच्या आधी बाईंनी ती विकत घेतली ती तारखा आणि पेशींचे काउंट लिहायला. चार लाल, बारा पांढरे, असा त्यांचा हिशोब: तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा ते लाल रंगाचं औषध, मग दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा वेळा दुसरं. उजवीकडे हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. डावीकडचा समास कोरा. तिसऱ्या लालनंतर त्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षर येऊ लागतं. ‘किसणी’ हा शब्द आठवला नाही, सुनेला हाताने खोबरं किसून दाखवलं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता फोन आला, फोन ठेवल्यावर किती झाल्या ते कळेना. लग्नात दोघी बहिणी एकदम बोलत होत्या, एकीचंही डोक्यात शिरलं नाही. शाळेत परतल्यावर तर रोज काहीतरी. एक दिवस फळ्यावर उदाहरण सोडवताना मागच्या बाकावरच्या मुलाने शंका विचारली, बाईंनी उत्तर दिलं, वळून फळ्याकडे पाहिलं आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत हेच त्यांना उमगेना. ‘फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे चाळीस मुलं.’ एवढीच नोंद आहे.

त्याच पानावर खाली, अधोरेखित: ‘पाढे शाबूत. हातचा गेला.’

चार शब्दांत या गणिताच्या बाईंनी जे सांगितलं ते समजून घ्यायला आमच्या शास्त्राला काही दशकं लागली. बेरजेत एकं मांडायचं आणि दशक हातचा म्हणून मनात धरायचा, पुढच्या स्तंभात मिळवला की सोडून द्यायचा. या मनात धरून ठेवण्याला पाठ्यपुस्तकं कार्यस्मृती म्हणतात. सतरा चोक अडुसष्ट ही वेगळी गोष्ट, ती तिसरी-चौथीत घोकून भिंतीत चुना बसावा तशी बसलेली असते. केमोनंतरच्या तक्रारी बहुतांशी भिंतीच्या नसतात. जुन्या आठवणी, भाषा, व्यवसायाचं ज्ञान जागच्या जागी असतं. अडतं ते हातचा धरण्यात, एका कामातून दुसऱ्यात जाऊन परत येण्यात, नेमका शब्द नेमक्या वेळी काढण्यात आणि या सगळ्याच्या वेगात. म्हणून बाहेरून काही दिसत नाही. माणूस तोच, बोलणं तेच, सही तीच. घरचे म्हणतात, वय झालं, पाळी गेली, लक्ष नसतं. बाईमाणसाच्या विसरण्याची आपल्याकडे अशीही फार दखल घेत नाहीत. तिचं लक्षात ठेवणं मात्र सगळं घर गृहीत धरतं.

या त्रासाला ‘केमो ब्रेन’ हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही. ते रुग्णांनी, त्यातही स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या पाश्चात्त्य बायकांनी आपापसात वापरून रूढ केलं. डॉक्टरांपैकी कोणी पाहिलंच नव्हतं असं नाही. अमेरिकेत डार्टमथच्या पीटर सिल्बरफार्ब या मनोविकारतज्ज्ञाने १९८० मध्येच लिहून ठेवलं होतं की केमोथेरपी घेणाऱ्यांच्या विचारशक्तीवर परिणाम होतो आणि त्याचा सगळा दोष खिन्नतेवर टाकता येत नाही. पण तेव्हा प्रश्न रुग्ण जगतो की नाही हा होता. उलट्या आणि पांढऱ्या पेशी सांभाळता सांभाळता वॉर्डाची दमछाक होई. पुढे उलट्यांवर चांगली औषधं आली, जगणाऱ्यांची संख्या वाढली, आणि जगलेली माणसं कामावर परतली. कामावर परतल्याखेरीज हातचा गेल्याचं कळत नाही.

१९९८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी मोजमाप मांडलं. उपचार संपून सरासरी दोन वर्षं झालेल्या बायका त्यांनी तपासल्या. चढ्या मात्रेची केमो घेतलेल्यांपैकी ३२ टक्के, नेहमीच्या मात्रेच्या १७ टक्के आणि केमो न घेतलेल्या रुग्णांपैकी ९ टक्के जणींत बौद्धिक कामगिरी घटलेली दिसली. मात्रेबरोबर आकडा चढत होता, म्हणजे औषधाकडे बोट दाखवायला जागा होती. त्यानंतर अभ्यासांची रीघ लागली. त्यातला एक मोठा, अमेरिकेत अनेक केंद्रांवर झालेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: स्तनाच्या कर्करोगाच्या ५८१ रुग्ण आणि त्यांच्याच वयाच्या ३६४ निरोगी स्त्रिया. केमोच्या आधी आणि केमो संपल्यावर दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. रुग्णांपैकी ४५ टक्क्यांनी आपलं डोकं आधीपेक्षा मंदावल्याचं सांगितलं. निरोगी बायकांत हे प्रमाण १० टक्के होतं.

तरीही माझ्यासारख्या परीक्षकांच्या खोलीत या बायका पास होत राहिल्या. सांगणं एक आणि गुण दुसरे, ही या क्षेत्राची जुनी डोकेदुखी आहे. पुष्कळ अभ्यासांत तक्रारींचा मेळ चाचणीच्या गुणांपेक्षा चिंता, खिन्नता आणि थकवा यांच्याशी अधिक बसला. त्यावरून आमच्यातल्या अनेकांनी, मीही त्यात आले, सोपा निष्कर्ष काढला की हे मनाचं आहे.

बाई पेपर सोपा म्हणाल्या त्याचे दोन अर्थ होतात हे मला पुढे कळलं. पहिला अर्थ कुठलाही शिक्षक सांगेल. नव्वद मार्क मिळवणारी मुलगी साठवर आली तर शाळेच्या दप्तरी ती पासच असते. घसरली हे फक्त तिला आणि तिच्या आईला कळतं. मी बाईंना केमोच्या आधी कधी तपासलंच नव्हतं. त्यांचे साठ मी तक्त्यातल्या सरासरी साठांशी ताडून समाधान मानलं. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या संशोधकांनी २००४ मध्ये हेच दाखवलं होतं: केमोआधी आणि केमोनंतर त्याच बाईची चाचणी घेतली तर घसरण दिसते, नुसती नंतर घेतली तर त्यातल्या कित्येकजणी ‘नॉर्मल’ ठरून घरी जातात.

दुसरा अर्थ खोलीचा. माझ्या खोलीत पंखा आणि मी, इतकंच असतं. एका वेळी एक काम. फोन बंद, दार बंद, समोरची बाई जीव एकवटून बसलेली. तिचं स्वयंपाकघर असं नसतं. तिथे कुकर, दूध, दारावरची बेल, नातवाचा अभ्यास आणि कोपऱ्यात लावलेला टीव्ही. हातचा तिथे सुटतो. माझ्या खोलीत तो सुटावा असा हिशोबच कोणी मांडत नाही.

दीड तास जीव एकवटून बसण्याची किंमतही गुणपत्रिकेत येत नाही. इथे मला डार्टमथच्याच एका छोट्या अभ्यासाची आठवण होते. आकडेवारीच्या दृष्टीने तो अगदीच किरकोळ, कारण त्यात माणसं फक्त दोन. साठ वर्षांच्या एकसारख्या जुळ्या बहिणी; एकीला स्तनाचा कर्करोग होऊन केमो झालेली, दुसरी निरोगी. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चाचण्यांच्या गुणांत दोघींत म्हणावा असा फरक नव्हता. केमो झालेलीच्या तक्रारी मात्र पुष्कळ होत्या. स्मृतीचं काम करत असताना दोघींच्या मेंदूची चित्रं काढली तेव्हा दिसलं की तेच उत्तर काढायला केमो झालेलीच्या मेंदूचा अधिक विस्तृत भाग राबतो आहे. ओझं तेच, पण एकीला ते उचलायला घरातली सगळी माणसं बोलवावी लागतात. चाचणीहून घरी गेल्यावर बाई दुपारभर झोपून होत्या असं वहीत आहे. मी ते तेव्हा विचारलंच नव्हतं.

आता एका मुद्द्यावर लेखिकेशी माझा मतभेद नोंदवते. या पुस्तकात सगळं खापर त्या लाल औषधावर फुटतं. ते साहजिक आहे. डॉक्सोरुबिसिनची ती बाटली, नंतर लघवीला येणारा तांबूस रंग, कोणाच्याही मनात ते घर करून बसेल. पण केमो सुरू होण्याआधीच तपासणी केलेल्या रुग्णांतही सुमारे एकतृतीयांश जणींचे गुण अपेक्षेपेक्षा कमी भरतात असं ह्यूस्टनच्याच त्या अभ्यासात दिसलं. म्हणजे रोग स्वतः, त्याने चेतवलेली शरीरातली दाह-प्रक्रिया, शस्त्रक्रिया आणि भूल, गाठ लागल्या दिवसापासून उडालेली झोप यांचाही वाटा आहे. पुढे अवेळी गेलेली पाळी, हार्मोन रोखणारी रोजची गोळी, उतरलेलं हिमोग्लोबिन. शास्त्रज्ञांनी म्हणून ‘केमो ब्रेन’ सोडून ‘कर्करोगाशी निगडित आकलनदोष’ असं भारदस्त नाव घेतलं आहे. अचूक आहे, पण ते म्हणेपर्यंतच रुग्णाचा हातचा सुटेल. बाईंचा शब्द पुस्तकभर ‘केमो ब्रेन’च आहे आणि तो तसाच राहू दिला हे बरं झालं.

तरी केमोला अगदीच सोडून देता येणार नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती एक गाळणी असते, ती बहुतेक औषधं आत येऊ देत नाही. म्हणून मेंदू सुरक्षित आहे असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. डॉक्सोरुबिसिन तर जवळजवळ आत जातच नाही. पण त्यामुळे रक्तात वाढणारी दाह निर्माण करणारी प्रथिनं आत पोहोचतात, आणि काही औषधं थोड्या प्रमाणात थेटही शिरतात. स्टॅनफर्डमध्ये मिशेल मोंजे यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर केलेलं काम २०१९ मध्ये छापून आलं, त्यात मेथोट्रेक्सेट या औषधाचा माग काढला आहे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. औषधाने त्या चवताळतात आणि औषध निघून गेल्यावरही शांत होत नाहीत. त्यांच्या गोंधळात मज्जातंतूंवर वेष्टण चढवणाऱ्या पेशींची वाढ खुंटते. तारेवरचं वेष्टण विरळ झालं की वीज जाते, पण संथ जाते. त्या राखणदार पेशींना औषधाने हटवल्यावर उंदरांची स्मृती सुधारली. उंदीर ते माणूस हे अंतर लांबचं आहे, तरी ‘मंदावलं’ या रुग्णांच्या शब्दाला पहिल्यांदाच पेशींत जागा सापडली.

मेथोट्रेक्सेटचं नाव निघालं की मला भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आंध्रातल्या त्या गावी १८९५ मध्ये जन्मलेला हा माणूस मद्रासहून अमेरिकेत गेला आणि लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. फॉलिक आम्लावरचं त्यांचं काम आणि त्यातून निघालेली फॉलिकविरोधी औषधं यांच्याच बळावर बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने मरायला टेकलेल्या मुलांवर पहिले उपचार केले. १९४८ च्या त्यांच्या निबंधात सोळा मुलांपैकी दहा जणांत काही काळ सुधारणा झाल्याची नोंद आहे. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. फार्बर यांनी वापरलेल्या ॲमिनोप्टेरिनच्या पाठोपाठ आलेलं त्याच कुळातलं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९७६ मध्ये मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी ते आणखी दोन औषधांना जोडून स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर द्यायला सुरुवात केल्याचे निष्कर्ष मांडले, आणि त्या त्रिकुटावर जगभरातल्या असंख्य बायका जगल्या. नेदरलँड्समधल्या अशा १९६ बायकांना सरासरी एकवीस वर्षांनंतर तपासलं तेव्हा केमो न झालेल्या समवयस्क बायकांच्या तुलनेत त्यांची शब्दस्मृती आणि वेग किंचित कमी भरला. किंचित, हा शब्द मी जाणूनबुजून घालते. एकवीस वर्षं त्या जगल्या, हेही त्याच वाक्यात यायला हवं. या औषधाच्या वाटेला जाऊ नका असं सांगणारं हे पुस्तक नाही, आणि तसं कोणी त्यातून काढलं तर तो वाचणाऱ्याचा दोष.

मराठीत हे पुस्तक येण्याचं महत्त्व मला माझ्या धंद्यामुळे जरा जास्तच वाटतं. आमच्या चाचण्या इंग्रजीत जन्मलेल्या. शब्द सुचण्याची प्रसिद्ध चाचणी म्हणजे एका मिनिटात ‘एफ’, ‘ए’, ‘एस’ या अक्षरांनी सुरू होणारे शब्द सांगा. मराठीत तिचं काय करायचं? ‘क’ दिला तर ‘किल्ला’ चालेल का, ‘कोथिंबीर’ चालेल का? नाव-गाव-फळ-फूल खेळताना ज्या मुद्द्यावर सगळ्या घरांत भांडणं झाली, त्याच मुद्द्यावर आम्ही प्रौढ माणसं बैठका घेतो. वर्तुळं जोडण्याच्या चाचणीचा दुसरा भाग एक-ए-दोन-बी असा जातो. मराठीत तो एक-क-दोन-ख असा केला की ‘च’पाशी बरेच जण अडतात, कारण वर्णमाला आपण सुरुवातीपासून म्हणतो, मधून कोणी उचलत नाही. हे अडणं रोगाचं नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशासाठी भारतीय भाषांत चाचण्यांचा संच तयार केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती.

आणि ज्यांना अक्षरच येत नाही त्यांचं काय? दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. मराठवाड्यातून येतात तसे बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातूनही येतात. परळच्या रुग्णालयात कुठल्या दिवशी कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला कागद कुठे दाखवायचा, रिपोर्ट कधी मिळणार, हे सगळं तोंडपाठ ठेवून चालणाऱ्या या माणसांची कार्यस्मृती रोज पणाला लागलेली असते. तिची चाचणी घ्यायला माझ्याकडे तक्ता नाही. शेतावरची एखादी बाई कुठे अडते ते तिला विचारलं तर ती सांगते: मजुरांचे पैसे वाटताना चुकते, पेरणीला किती पिशव्या गेल्या ते ध्यानात राहत नाही. विचारावं मात्र लागतं.

विचारावं का, आधी सांगावं का, यावरही वाद आहे, आणि तो मला या पुस्तकाबाबत थेट भिडला. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या सॅने स्खाखेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की केमोने स्मृतीवर परिणाम होतो ही माहिती आधी दिली तर केमो झालेल्या रुग्णांच्या तक्रारी वाढतात आणि चाचणीतले गुणही घटतात. म्हणजे हे पुस्तक वाचूनच एखादीचा हातचा सुटू शकतो. मी ही शंका बाईंना फोनवर सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘पेपर अवघड आहे म्हटलं की मुलं घाबरतात, ते खरं. म्हणून पोर्शन सांगायचाच नाही का?’’ मला यावर उत्तर सुचलं नाही, आणि त्याला माझा कुठला रोग कारण नव्हता.

पोर्शन थोडक्यात असा. बहुतेकांचा हा त्रास केमो संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात ओसरतो, काहींचा रेंगाळतो. तो अल्झायमरसारखा दिवसेंदिवस वाढत जाणारा नसतो, आणि पुस्तकातल्या सातव्या प्रकरणातली रात्र, ‘मला वेड लागतंय का’ म्हणून बाई गच्चीत बसून राहिल्या ती, दुसऱ्या कोणावर येऊ नये. पण अचानक भ्रमिष्टासारखं वागणं, ताप, फिट, न थांबणारी डोकेदुखी, हातापायातली ताकद जाणं, अति गुंगी हे केमो ब्रेन नव्हे. तिथे वही बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठायचं.

गोळी नाही. स्मृतिभ्रंशात देतात ते डोनेपेझिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत चोवीस आठवडे देऊन पाहिलं. नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. व्हॉट्सॲपवर येणारे बदामाचे आणि ब्राह्मीचे काढे यांबद्दल मी इतकंच म्हणेन की केमो चालू असताना काहीही घेण्याआधी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारा, काही वनस्पती औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात. त्याआधी साध्या गोष्टी तपासून घ्याव्यात: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, झोप, झोपेच्या गोळ्या, मनाची उदासी. नियमित चालणं-व्यायाम आणि सवयी बदलायला शिकवणारं प्रशिक्षण यांचा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे असं प्रशिक्षण देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

बाईंनी ते स्वतःच स्वतःला दिलं आणि माझ्या मते पुस्तकाचा तो भाग सर्वात सरस उतरला आहे. शिट्ट्या मोजायला ओट्यावर तीन सुपाऱ्या, प्रत्येक शिट्टीला एक डावीकडून उजवीकडे. किल्लीला एकच खिळा. औषधांना फोनचा गजर. आणि वर्गात त्यांनी जे केलं ते करायला मला धीर झाला नसता. नववीच्या मुलांना त्यांनी सरळ सांगितलं की औषधांमुळे माझा हातचा सुटतो, तेव्हा फळ्यावर उदाहरण चालू असताना शंका विचारायची नाही, वहीत लिहून ठेवायची, शेवटची दहा मिनिटं शंकांची. आणि पहिल्या बाकावरच्या एकाने मी कुठल्या पायरीवर आहे ते बोटाने धरून ठेवायचं. रोज नवीन मूल. तिसऱ्या आठवड्यात त्या कामासाठी मुलांत भांडणं होऊ लागली.

मुद्रितं तपासताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुकरचा प्रसंग दुसऱ्या प्रकरणात आहे आणि तोच नवव्यातही आला आहे. दुसऱ्यात फोन बहिणीचा आहे, नवव्यात शाळेच्या कारकुनाचा. एकीकडे शिट्ट्या तीन झाल्या, एकीकडे चार. मी बाईंना फोन केला आणि कुठला ठेवायचा, कुठला काढायचा ते विचारलं. पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, ‘‘दोन्ही ठेवा. आणि डाळ दोन्हीकडे करपलेली आहे ना, तेवढं बघा.’’

बघितलं. दोन्हीकडे करपलेली आहे.